सातवा फर्मा

तेवीस कार्डं होती. चौदा कादंबरीवरची, नऊ माझ्या पुस्तकावरची. मी त्यांचे दोन गठ्ठे केले, कडा जुळवल्या आणि पुन्हा मोजली. तेवीसच.

"ऋता, कार्डं आहेत ती, नोटा नव्हेत," अण्णा म्हणाले. "वाच आता."

अण्णा संकपाळांच्या प्रकाशनातला हा शनिवारचा रिवाज. आमच्या प्रत्येक पुस्तकात एक जवाबी कार्ड घातलेलं असे, पत्ता छापलेलं, तिकीट लावलेलं. वाचकाने मत लिहायचं आणि पेटीत टाकायचं, बस्स. शनिवारी दुपारी कोल्हापूरच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसचं शटर अर्धं ओढून घ्यायचं, मिसळ मागवायची आणि आठवड्याची कार्डं मोठ्याने वाचायची. नियम एकच होता. ज्याचं पुस्तक, त्याने मध्ये तोंड उघडायचं नाही.

श्रावणाच्या तोंडावर आमची दोन पुस्तकं एकाच आठवड्यात बाहेर पडली होती. एक 'दलदलीकाठचं घर', आयरिश कादंबरीचं भाषांतर. भाषांतर इंदुमती करोशींचं. करोशीबाई कॉलेजात तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, आणि आपल्या वाक्यातला स्वल्पविराम कुणी हलवला तरी त्यांना घरी बसून कळायचं. दुसरं पुस्तक 'बादलीभर विज्ञान'. मुलांनी घरच्या घरी करायचे साठ प्रयोग. ते माझं.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. बाबांनी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. अण्णांचा आणि माझा करार तोंडी होता. आजऱ्याकडच्या एका शिक्षण मंडळाने 'बादलीभर विज्ञान'च्या आठशे प्रती घेतल्या, तर मुलांच्या विज्ञान-पुस्तकांची माला सुरू करायची आणि तिची संपादक मी. नाही घेतल्या, तर दसऱ्यानंतर मी उसाच्या रसातली साखर मोजायला जायचं. मंडळाने आधी चांदेवळच्या शाळेत नऊ प्रती पाठवायला सांगितल्या होत्या. त्या नऊ प्रतींची नऊ कार्डं आज आली होती आणि माझं निम्मं लक्ष त्या गठ्ठ्यावर होतं.

"आधी कादंबरी," करोशीबाई म्हणाल्या. "वयाच्या मानाने."

"कादंबरीच्या की तुमच्या?" अण्णांनी विचारलं.

बाईंनी पाव मोडून मिसळीत बुडवला.

अण्णांनी काढलेली ही तिसरी आयरिश कादंबरी. ती आपल्याकडे का खपते, याचं त्यांचं एक शास्त्र होतं: पाऊस, बटाटे, देवभोळी माणसं आणि घर सोडून जाणारं एक तरी पोर. "आपलंच आहे सगळं," ते म्हणत, "फक्त थंडी जास्त."

मी वाचायला लागले. गारगोटीच्या एका बाईंनी लिहिलं होतं: "नोराच्या आजीसारखी माझी सासू होती. भाषांतरात तिला जरा सौम्य करायला हवं होतं."

"सौम्यच केलंय मी," करोशीबाई म्हणाल्या.

"बाई, नियम."

सांगलीचे एक बँक अधिकारी: "दोनशे पानांपैकी एकशे ऐंशी पानं पाऊस. तरी पुस्तक खाली ठेवलं नाही, कारण इकडेही पाऊसच होता आणि केबल बंद होती." कॉलेजातला एक मुलगा: "आयर्लंडच्या कादंबऱ्यांत सगळे सारखा चहा पितात आणि मनातलं कुणीच बोलत नाही. आमच्या घरावरच लिहिल्यासारखं वाटलं."

पुढचं कार्ड इस्लामपूरच्या एका निवृत्त पोस्टमास्तरांचं होतं. अक्षर इतकं बारीक की मजकूर पत्त्याच्या बाजूलाही घुसला होता. मी वाचलं:

"सर्वांत धाडसी प्रकरण नववे. नोरा आजीच्या खोलीचे दार उघडते, आणि कथानक एकदम थांबवून लेखिका वाचकालाच सांगते, एक रिकामी बाटली घे, तिचा वरचा भाग काप, तो उलटा बसव आणि अंगणात ठेव. उत्तर पान १०४ वर. नोराचे दुःख सांगत बसण्याऐवजी वाचकाला पाऊस मोजायला लावणे, ही खरी आधुनिकता. आमच्या वाचक मंडळात यावर दीड तास चर्चा झाली. दोघांनी बाटल्या कापल्या."

करोशीबाईंनी चमचा खाली ठेवला.

"हे माझं नाही."

"माझं आहे," मी म्हणाले.

आम्ही तिघंही एकदम उठलो. मागच्या खोलीत कादंबरीचे गठ्ठे होते. मी वरची प्रत उघडली, ठीक. दुसरी, ठीक. मग मला सुचलं की वरवर उघडण्यात अर्थ नाही, प्रत्येक गठ्ठ्यातली पहिली आणि शेवटची बघायला हवी. बाइंडरकडून सगळ्यात आधी आलेल्या गठ्ठ्यात सापडलं. पान शहाण्णवपर्यंत नोरा, सत्त्याण्णववर माझी बाटली, माझी कात्री, माझं पर्जन्यमापक. एकशे तेरावर पुन्हा नोरा.

खरं तर मी घाबरायला हवं होतं. पण कोडं सुटायला लागलं की मला दुसरं काही सुचत नाही. "अण्णा, सोळा पानं," मी म्हणाले. "सत्त्याण्णव ते एकशे बारा. अख्खा फर्मा."

छापलेल्या मोठ्या कागदाची घडी घातली की सोळा पानांचा एक जुडगा होतो. तो फर्मा. बाइंडरकडे लांब टेबलावर फर्म्यांचे ढीग ओळीने मांडलेले असतात, बायका टेबलाच्या कडेने चालत एकेक उचलत जातात, टोकाला पोचेपर्यंत पुस्तक जमतं. आमची दोन्ही पुस्तकं एकाच मापाची, एकाच कागदावरची, एकाच दिवशी बाइंडिंगला गेलेली. सुरुवातीला सातव्या ढिगांची अदलाबदल झाली होती.

"पण फर्म्याच्या तळाला पुस्तकाचं नाव असतं ना बारीक अक्षरात? नावाची अक्षरं आणि नंबर?"

"या वेळी नुसता नंबर छापला," अण्णा म्हणाले. "का, ते बाईंना विचार."

करोशीबाईंनी चष्मा पुसायला घेतला. "पानाच्या तळाला 'द. घ. ७' म्हणजे ट्रकची नंबरप्लेट वाटत होती. मी फक्त मत दिलं होतं."

"आणि मी ते ऐकलं," अण्णा म्हणाले. "मतं ऐकायची सवय आहे ना मला."

तेवढ्यात तिघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं. माझी सोळा पानं कादंबरीत होती, तर कादंबरीची सोळा कुठे होती? चांदेवळच्या नऊ प्रती पहिल्याच गठ्ठ्यातून गेल्या होत्या.

मी नऊ कार्डांचा गठ्ठा ओढला. पहिलं: "बादलीभर विज्ञान आवडले. सगळ्यात भारी नोराच्या आजीचा लोण्याचा प्रयोग. अनुजा येसणे, सहावी." दुसरं: "लोण्याचा प्रयोग एक नंबर. बाकीचे ठीक." तिसऱ्यात फक्त एक प्रश्न: "मीठ घालायचे का?" शेवटचं शिक्षिकेचं, नसीम मुल्लाणी यांचं: "मुलांनी लोणी पुरले आहे. मंगळवारी उकरणार. मंडळाचे सचिव इंगवले सर दहाला बघायला येणार आहेत. लेखिकेने अवश्य यावे. पान ९७ ते ११२ बद्दल मुलांच्या फार शंका आहेत."

"कसलं लोणी?" अण्णा.

"नववं प्रकरण," करोशीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "म्हातारीने दलदलीच्या चिखलात लोण्याचं लाकडी भांडं पुरून ठेवलेलं असतं. नोरा जायच्या आदल्या दिवशी दोघी मिळून ते उकरतात. तिकडे खरंच पुरत असत पूर्वी. वर्षानुवर्षं टिकतं म्हणे."

अण्णांनी कपाळावरून हात फिरवला. "ऋता, मंगळवारी पहिल्या गाडीने निघ. नऊ चांगल्या प्रती घेऊन जा, त्या नऊ उचलून आण. इंगवले पोचायच्या आत. असलं बांधलेलं पुस्तक त्या माणसाने बघितलं, तर आठशे हा आकडा त्याच्या तोंडातून निघायचा नाही."

"आणि लोणी?"

"लोण्याचं तू बघ. शास्त्रज्ञ तू."

"मी पण जाते," करोशीबाई म्हणाल्या.

"तुम्ही कशाला?"

"तीन कादंबऱ्या केल्या मी, अण्णा. माझी सोळा पानं कुणी करून बघितली, असं पहिल्यांदाच झालंय."

*

एस.टी.त मी सामू, म्हणजे आंबटपणा, मोजायच्या कागदी पट्ट्या आणि थर्मामीटर पर्समध्ये दहा वेळा चाचपले. नऊ प्रतींची पिशवी मांडीवर होती. गडहिंग्लज मागे पडलं तशी शेतं हिरवीगार आणि चिखल जास्तच काळा दिसायला लागला.

"नासलेलं असणार," मी म्हणाले. "तिकडची दलदल थंड असते, आंबट असते, आत हवा जात नाही. इथे चिखल कोमट आहे. चार-पाच दिवसांत वास मारायला लागलं असेल."

"म्हणजे माझी आजी खोटं बोलते?"

"तुमची कुठली? ती लेखिकेची आजी."

"दीड वर्ष सांभाळलीय मी तिला," बाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या. "माझीच."

चांदेवळच्या फाट्यावर मुल्लाणीबाई स्वतः आल्या होत्या. तिशीच्या असतील. पदर खोचलेला, सँडल हातात, पाय घोट्यापर्यंत चिखलात.

"बरं झालं आलात, मॅडम. पोरांनी सकाळपासून डोकं खाल्लंय. चला लवकर, इंगवले सर आलेत पण."

"आले? दहाला येणार होते ना?"

"तासाभरापूर्वीच आलेत. चहा झाला, पोहे झाले, आता पुस्तक वाचत बसलेत."

करोशीबाईंनी माझ्या पिशवीकडे बघितलं. मी ती दुसऱ्या खांद्यावर घेतली.

शाळा तळ्याच्या काठावर होती. व्हरांड्यात पाचवी ते सातवीची मुलं पायरीपायरीने बसली होती. आम्हाला बघून एक दोन वेण्यांची मुलगी उठली आणि सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तीच अनुजा येसणे.

"तुम्हीच लिवलंय व्हय पुस्तक?"

"हो."

"मग नोरा गेली का?"

"काय?"

"पान एकशेबारावर 'आजी, मी' म्हणती आन् पान संपतंय. फुडल्या पानावर एकदम साबणाचा फुगा. नोरा गेली का ऱ्हायली?"

मी करोशीबाईंकडे बोट दाखवलं. "ते यांना विचार."

"सांगते," करोशीबाई म्हणाल्या. "आधी लोणी."

"मीठ घातलं हुतं का आजीनं?" मागून एका पोराने विचारलं. "आमच्यात दोन पार्ट्या झाल्यात त्याच्यावरनं."

"नाही. पान नव्वदवर आहे ते. तुमच्याकडे ते पान नाहीये."

"बघ," अनुजा त्या पोराला म्हणाली. "सांगिटलं हुतं तुला."

मला राहवेना. "बाकीचे प्रयोग केलेत का तुम्ही? साठ आहेत."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. कुणी कुणाला कोपर मारलं. "पैला केला," एक जण म्हणाला. "लिंबाचा."

"मग पुढचे का नाही?"

"सांग की गं."

"तू सांग."

शेवटी अनुजाच बोलली. "फुडं उत्तर हाय न्हवं. वाचलं की कळतंयच काय हुणार ते. मग लिंबू कशाला नासायचं?"

"आणि लोण्याचा?"

"त्याचं उत्तरच न्हाई. पान संपलं."

मुल्लाणीबाई हसल्या. "मॅडम, तुमच्या पुस्तकात साहित्य, कृती, उत्तर असं सगळं लिहिलेलं असतं. या एका प्रयोगाला काहीच नव्हतं. किती खोल पुरायचं, कसला चिखल, भांडं कसलं. मग पोरांनीच बसून साहित्य काढलं, कृती काढली. दोन दिवस नुसती भांडणं."

त्यांनी काय केलं ते ऐकता ऐकता मी वही काढून टिपून घ्यायला लागले. घरोघरचं लोणी आणून त्यांनी ते एका परातीत कालवलं होतं.

"सगळ्यांचं एकत्र का केलंत?"

"येगळं ठेवलं, तर कुणाचं नासलं तेवढंच कळंल," अनुजा म्हणाली. "कशानं नासलं ते कसं कळणार?"

मग सारख्या मापाच्या चार लोटक्यांत भरून, तोंडाला हळदीचं पान बांधून, वरून चिखलाने लिंपलं होतं. एक तळ्याकाठच्या चिखलात पुरलं. एक शाळेच्या भिंतीमागच्या कोरड्या मातीत. एक बांधकामाच्या वाळूत. चौथं कुठेच पुरलं नाही, खिचडीच्या खोलीत शिंक्यावर टांगलं, "नुसतं ठिवल्यावर काय हुतंय ते बघाय". पुरायचं ठरलं नागपंचमीला, पण पंचमीला जमीन खणत नाहीत म्हणून एक दिवस थांबले.

"किती खोल?"

"दोन हात."

"कुणाचे हात?"

पोरं एकमेकांच्या हातांकडे बघायला लागली. मला मनात बरं वाटलं. काहीतरी चुकलं होतं म्हणायचं. "माझं," अनुजा म्हणाली, आणि कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात पुढे केला. "टेप लावा की, मॅडम. हात काय कुटं जात न्हाई." मी पर्समधला टेप काढला आणि मोजलं. एकोणचाळीस सेंटिमीटर.

"लेखिका आल्या वाटतं."

इंगवले सर वर्गातून बाहेर आले. पांढरा सदरा, बगलेत छत्री, हातात पुस्तक. ते उघडलेलं होतं आणि त्यांचं बोट मध्ये घातलेलं होतं. "मॅडम, पुस्तक छान आहे. पण या लोण्याच्या धड्याचं कळेना मला. इथे प्रयोग कुठे आहे? ही तर गोष्ट आहे."

पिशवीचा बंद खांद्यात रुतत होता. 'तो तसाच धडा आहे, सर' म्हणाले असते, तर कदाचित चाललंही असतं. मुल्लाणीबाई माझ्याकडे बघत होत्या, पंधरा मुलं बघत होती.

"सर, ती पानं माझ्या पुस्तकातली नाहीत," मी म्हणाले. "या बाईंच्या कादंबरीतली आहेत. बांधणीत अदलाबदल झाली. बरोबर प्रती मी आणल्यात."

मी एक काढून दिली. त्यांनी दोन्ही पुस्तकं पान सत्त्याण्णववर उघडून शेजारी शेजारी धरली. इकडे माझं पर्जन्यमापक, तिकडे म्हातारी म्हणत होती, कुदळ घे. मुलं उठून जवळ आली.

"म्हणजे ह्यो प्रयोगच न्हवं?" कुणीतरी म्हणालं.

"गप रे," अनुजा म्हणाली. पण तिचाही चेहरा उतरला होता.

इंगवले सरांनी दोन्ही पुस्तकं मिटली. "मॅडम, मंडळापुढे मी काय सांगू? सदोष माल आला, पण पोरं खूश आहेत?"

"आठशेच्या आठशे प्रती बरोबर येतील, सर."

"बरोबर प्रतीत लोणी नाही."

"नाही."

"आणि ज्या प्रतीत लोणी आहे, ती चूक." त्यांनी छत्री दुसऱ्या बगलेत घेतली. "पालक मला काय म्हणतील, माहिती आहे? गोष्टीवर विश्वास ठेवून पोरांनी घरातलं लोणी चिखलात घातलं. नासलेलं निघालं तर मी हे पुस्तक मंडळापुढे ठेवणार नाही. आधीच सांगतो."

मी सकाळपासून बाईंना सांगत होते की नासलेलंच निघणार. आता पहिल्यांदाच वाटलं, आपला अंदाज चुकावा.

"सर," अनुजा म्हणाली, "नासलं तर बी ते उत्तरच हाय की."

इंगवले सरांनी छत्री भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "उकरा बघू."

*

सगळे धावलो. करोशीबाई सुद्धा, साडी गुडघ्यापर्यंत धरून. खणताना पोरं एकमेकांच्या अंगावर चिखल उडवत होती आणि "हळू, लोटकं फुटंल" असं प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता. मी खड्ड्याच्या तळाशी थर्मामीटर खुपसला, पट्टी ओली केली. पट्टी पिवळसर झाली. माझ्या अपेक्षेपेक्षा चिखल आंबट होता. इथे वर्षानुवर्षं पालापाचोळा कुजत असणार. मी दुसरी पट्टी ओली केली, आणि ती आठशे प्रतींसाठी होती की नुसत्या उत्सुकतेसाठी, ते मला सांगता आलं नसतं.

कोरड्या मातीतल्या लोटक्यात मुंग्यांनी बीळ करून सगळं लोणी नेलं होतं. उरला होता तो हळदीच्या पानाचा देठ. पोरं खो खो हसली.

"आता वास घ्यायचा," मी म्हणाले.

"आसं न्हाई, मॅडम," अनुजाने मला थांबवलं. "डोळं बांदून. न्हाईतर शिंक्यावरचं बघितल्या बघितल्या सगळी नाक धरणार." तिने त्या सकाळचं ताजं लोणीही एका वाटीत आणून ठेवलं होतं. "ह्ये बी मध्येच द्यायचं. नाक लबाडी करतंय का बघाय."

वाट्या तिने झाकून मांडल्या. कुठली कशाची ते तिला आणि मला ठाऊक, म्हणून आम्ही दोघी वास घेणाऱ्यांत नव्हतो. आंधळी कोशिंबीर सुरू झाली. एकेक जण डोळे बांधून बसायचा, वाटी नाकाखाली यायची आणि तो म्हणायचा "हाय" किंवा "न्हाई". मी फळ्यावर खुणा करत होते. शिंक्यावरच्या वाटीला एक पोरगा मागच्या मागे आडवाच झाला.

करोशीबाईंनी स्वतःचा रुमाल काढून स्वतःचेच डोळे बांधले. चिखलातली वाटी आली तेव्हा त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"बाई?" मी म्हणाले.

"थांब जरा. आजीच्या शेजारी बसलेय मी." मग म्हणाल्या, "थोडा आहे. लिही."

इंगवले सरांनी कुरकुर करत डोळे बांधून घेतले. पहिल्या वाटीला तोंड वाकडं केलं. दुसरीला म्हणाले, "आहे." तिसरी आली. त्यांनी वास घेतला, पुन्हा घेतला, आणि काही सांगायच्या आत बोट बुडवून चाटलं.

"सर, खायाचं न्हाई," मागून पोरं ओरडली.

"हे आजचं आहे," सर म्हणाले. "मला काय फसवता? घरात दोन म्हशी आहेत माझ्या."

अनुजाने त्यांची पट्टी सोडली आणि वाटीखालची चिठ्ठी त्यांच्यासमोर धरली. तिच्यावर एकच शब्द होता: चिखल.

सरांनी चिठ्ठी उलटी करून बघितली. मग वाटी उचलून उजेडात धरली.

"मुल्लाणीबाई," शेवटी ते म्हणाले, "पाणी द्या. मॅडम, आठशे. पण ही सोळा पानं ठेवून."

"आणि पावसाची?"

"ती पण. पाऊस नको कुणाला झालाय?"

"अर्धवट गोष्ट छापू द्यायची नाही मी," करोशीबाई म्हणाल्या. "आधीचं आणि पुढचं मिळून एक पान लिहून देईन."

"पुढचं आत्ता सांगा," पोरं म्हणाली.

मग बाई पायरीवर बसल्या आणि नोराची पुढची गोष्ट त्यांनी तोंडाने सांगितली, कागद नाही, चष्मा नाही. नोरा बोटीने जाते. आजी दारात उभी राहते आणि हातसुद्धा हलवत नाही. परतीची गाडी यायला अवकाश होता, आणि पोरं इतकी गप्प बसली होती की तळ्यात बेडकांनी टाकलेल्या उड्या ऐकू येत होत्या.

"आसला शेवट असतोय व्हय?" अनुजाने विचारलं.

"तिकडे असतो."

"तिनं थोडं लोणी तरी न्यायला पायजे हुतं."

करोशीबाईंनी पर्स उघडली. आत आमचं एक कोरं जवाबी कार्ड होतं. "हे लिहून पाठव मला," त्या म्हणाल्या. "जसंच्या तसं."

परतीच्या एस.टी.त मी 'बादलीभर विज्ञान' उघडून पहिल्या प्रयोगापासून पेन्सिलीने एकेक उत्तर खोडत गेले. गडहिंग्लजला पोचेपर्यंत साठही झाली. "एक अक्षरही न लिहिता संपादन करतेयस," शेजारून करोशीबाई म्हणाल्या. "शिकायला हवं मला."

ते पुस्तक आता कितव्या आवृत्तीत आहे ते अण्णांच्या मुलाला माहीत असेल, मालेत माझी पुढे बावीस पुस्तकं आली. पण चांदेवळच्या फळ्यावरचा तक्ता आम्ही कुठल्याच आवृत्तीत छापला नाही. तो इथे देते.

वास घेणारी नाकं सतरा. 'वास नाही' म्हणणारी: त्या सकाळचं ताजं लोणी, सोळा. शिंक्यावरचं, शून्य. वाळूतलं, तीन. कोरड्या मातीतलं, मोजता आलं नाही. तळ्याकाठच्या चिखलातलं, खोली अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर, तापमान तेवीस अंश, सामू साडेपाच: बारा.